पाच दिवस आधी बंद करा

आईच्या छातीतल्या झडपेचा आवाज रात्री ऐकू येतो. पंखा बंद असला, कर्वे रस्त्यावरची वाहतूक ओसरली आणि मी तिच्या पलंगाशेजारी बसले, की मनगटी घड्याळासारखी बारीक, कोरडी टिकटिक स्पष्ट कळते. लहानपणी आलेल्या ऱ्हुमॅटिक तापाने तिच्या हृदयाची मायट्रल झडप आकसून गेली होती. २००७ साली पुण्यातच तिची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्या जागी यांत्रिक झडप बसवण्यात आली. तेव्हापासून संध्याकाळी सात वाजता, देवापुढे दिवा लावून झाला की, आई रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅसिट्रोमची गोळी घेते. इतक्या वर्षांत तिच्या हातून ही गोळी मुद्दाम चुकल्याचे मला आठवत नाही. गेल्या वर्षी मात्र ती सलग दोन दिवस घेतली गेली नाही, आणि तेही आईच्या विसरभोळेपणामुळे नव्हे, तर तिला दिलेली सूचना तिने तंतोतंत पाळली म्हणून.

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मंगळवारी ठरली होती. त्याआधीच्या गुरुवारी रुग्णालयाच्या काउंटरवरून फोन आला तेव्हा मी कामावर होते आणि फोन आईने घेतला. पलीकडच्या मुलीने छापील कागदावरच्या सूचना एकापाठोपाठ एक वाचून दाखवल्या. केस आदल्या दिवशी धुवावेत, दागिने घालू नयेत, सोबत एक नातेवाईक असावा, आणि रक्त पातळ होण्याची गोळी चालू असल्यास ती पाच दिवस आधी बंद करावी. आईने सगळे वहीत लिहून घेतले. त्या मुलीला मी दोष देत नाही, तिच्या हातात तोच कागद होता. पण गोळी कोणती, ती कशासाठी चालू आहे आणि बंद करायची की नाही हे कोणत्या डॉक्टरांनी ठरवले, यातला एकही प्रश्न त्या कागदावर नव्हता.

शनिवारी संध्याकाळी आठवड्याच्या गोळ्यांचा डबा भरायला घेतला, तेव्हा गुरुवारच्या आणि शुक्रवारच्या खणांत गोळ्या तशाच दिसल्या. मी विचारल्यावर आईने शांतपणे वही पुढे केली. "अगं, त्यांनीच सांगितलंय. डोळ्यात रक्त आलं तर काय करायचं?" मी लगेच तिच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी आधी आईला धाप लागते आहे का, हातापायांत कुठे अशक्तपणा वा बोलण्यात अडखळणे आहे का हे विचारले, आणि मग म्हणाले, "झडपेचा आवाज नेहमीसारखा येतोय का, ते ऐका." यांत्रिक झडपेवर रक्ताची गुठळी जमली तर तिची उघडझाप अडखळते आणि तो कोरडा आवाज दबतो, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. त्या रात्री मी कितीतरी वेळ आईच्या उशाशी बसून टिकटिक ऐकत होते.

आवाज नेहमीसारखाच होता. संध्याकाळची गोळी नेहमीच्याच मात्रेत द्यावी, चुकलेल्या गोळ्या भरून काढण्यासाठी दुप्पट मुळीच देऊ नये, आणि सकाळी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासावा, असे डॉक्टरांनी सांगितले. रविवारी आकडा आला १.७. आईचा आयएनआर २.५ ते ३.५ यांच्या दरम्यान असावा लागतो. अशी कोणतीही गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा तो एकच्या आसपास असतो, म्हणजे अवघ्या दोन दिवसांत तिचे संरक्षण बरेचसे उतरले होते. आकडा पुन्हा पातळीत येईपर्यंत तिला पोटाच्या त्वचेखाली, रक्त गोठू न देणारी, हेपारिनच्या प्रकारातली इंजेक्शने सकाळ-संध्याकाळ घ्यावी लागली, त्यांचे काळेनिळे डाग पोटावर उमटले, आणि मंगळवारची शस्त्रक्रिया दोन आठवडे पुढे गेली. ज्या गोळीने डोळ्यात रक्त येईल म्हणून ती बंद केली, ती शस्त्रक्रियेच्या दिवशी चालूच राहिली आणि डोळ्यातून रक्ताचा टिपूसही आला नाही.

हे लिहिण्याचे कारण एवढेच, की त्यानंतर मी ज्यांच्याशी या विषयावर बोलले त्यांतल्या बहुतेक घरांत हाच नियम पक्का बसलेला आढळला. डोळ्याची शस्त्रक्रिया म्हटली की रक्त पातळ करणारी गोळी पाच किंवा सात दिवस आधी बंद करायची, आणि ती कोणाला न विचारता बंद करायची. काहींना तो नियम शेजाऱ्यांनी सांगितला होता, काहींना दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच अनुभवावरून माहीत होता. मी डॉक्टर नाही. पण आईच्या दोन्ही डोळ्यांच्या निमित्ताने तिच्या नेत्रतज्ज्ञांकडून आणि हृदयरोगतज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते इथे नीट मांडावे असे वाटते.

"रक्त पातळ करणारी" हा शब्दच आपली पहिली दिशाभूल करतो. या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही, ते गोठण्याची प्रक्रिया मंदावते. त्यातही दोन वेगळी कुळे आहेत. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या प्लेटलेट नावाच्या रक्तातील सूक्ष्म कणांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. त्यांचा परिणाम त्या कणांवर कायमचा होतो, त्यामुळे गोळी थांबवली तरी नवे कण तयार होईपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, तो हळूहळू ओसरत राहतो. वॉरफेरिन आणि अ‍ॅसिट्रोम या गोळ्या यकृतात व्हिटॅमिन केच्या साहाय्याने तयार होणारे, रक्त गोठवणारे घटक कमी करतात. वॉरफेरिनचा परिणाम उतरायला साधारण चार-पाच दिवस लागतात आणि "पाच दिवस आधी" हा हिशेब तिथूनच आलेला आहे. अ‍ॅसिट्रोम मात्र शरीरातून बरीच लवकर जाते, दोन दिवसांतच तिचा परिणाम पुष्कळसा संपतो. म्हणजे आईने तो कागद शेवटपर्यंत पाळला असता, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचण्याआधीच तिची झडप दोन-तीन दिवस संरक्षणाशिवाय राहिली असती. दुसऱ्या औषधाचा नियम तिच्या औषधाला लावला गेला होता.

अलीकडे डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबान, अ‍ॅपिक्सॅबान ही नव्या पिढीची औषधेही पुष्कळ वयस्कर लोक हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी घेतात. ती आणखी लवकर उतरतात, त्यांच्यासाठी आयएनआर मोजून उपयोग होत नाही, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर, विशेषतः डॅबिगॅट्रानच्या बाबतीत, हिशेब बदलतो. यांत्रिक झडप असलेल्यांना मात्र ती देत नाहीत. डॅबिगॅट्रानची अशा रुग्णांवरची एक चाचणी गुठळ्यांचे आणि रक्तस्रावाचेही प्रमाण वाढल्यामुळे मधेच थांबवावी लागली, आणि तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. आईला "नवी गोळी का घेत नाहीस, तपासणीचा त्रास वाचेल" असा सल्ला नातेवाइकांकडून नेहमी मिळतो, म्हणून हे लिहून ठेवते.

आता डोळ्याविषयी. आईच्या नेत्रतज्ज्ञांनी कागदावर डोळ्याचे चित्र काढून मला जे समजावले, ते मला आधी कळले असते तर तो फोन आल्यावर आई घाबरली नसती. आजच्या फेको शस्त्रक्रियेत, म्हणजे मोतीबिंदू ध्वनिलहरींनी आतच फोडून काढण्याच्या पद्धतीत, छेद डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक बुबुळावर, म्हणजे कॉर्नियावर घेतात. तो जेमतेम दोन ते तीन मिलिमीटरचा असतो, आणि कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात. रक्तवाहिन्या असत्या तर तो भाग पारदर्शक राहिलाच नसता. पूर्वी मोतीबिंदू अख्खा बाहेर काढावा लागत असे. तेव्हा छेद दहा-बारा मिलिमीटरचा असे, तो पांढऱ्या भागाच्या कडेला, रक्तवाहिन्यांच्या जागी जाई, आणि वर टाके पडत. त्या काळी गोळीची धास्ती वाटणे स्वाभाविक होते. शस्त्रक्रिया बदलली, छेद आकसत गेला, पण छापील कागदावरची ती ओळ कोणी खोडली नाही, असे मला मनापासून वाटते.

खरा धोका सुरीचा नसून भूल देणाऱ्या सुईचा आहे, हे मला नव्याने कळले. डोळ्याच्या खोबणीत, डोळ्याच्या मागे किंवा बाजूला टोकदार सुईने इंजेक्शन देऊन भूल दिली आणि तिथली एखादी रक्तवाहिनी दुखावली गेली, तर रक्त हाडांच्या बंदिस्त पोकळीत साठते. बाहेर यायला वाट नसल्यामुळे ते डोळ्याला पुढे ढकलते आणि दृष्टीच्या नसेवर दाब आणते. असे क्वचितच होते, पण झाले तर नजर जाऊ शकते. म्हणून रक्त गोठणे मंदावणारी गोळी चालू असलेल्या रुग्णाला भूल कशी द्यायची, हा प्रश्न गोळी बंद करण्याच्या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून महत्त्वाचा ठरतो. आईला पहिल्या डोळ्यासाठी केवळ थेंबांची भूल दिली. त्यात सुई नाही, डोळा हलू शकतो, रुग्णाला समोरचा दिवा दिसत राहतो आणि डॉक्टर सांगतील तिकडे पाहावे लागते. पंचविसेक मिनिटे आई निमूट पडून राहिली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तिचा आयएनआर २.८ होता. तो ३.५च्या वर असता तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली असती, हेही त्यांनी आधीच सांगितले होते. गोळी चालू ठेवायची याचा अर्थ आकडा न पाहता चालू ठेवायची असा होत नाही.

हे काही एका डॉक्टरांचे धाडस नव्हते. अमेरिका आणि कॅनडातील सुमारे १९,००० मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा एक मोठा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात अ‍ॅस्पिरिन किंवा वॉरफेरिन चालू ठेवणाऱ्यांची आणि बंद करणाऱ्यांची तुलना केली होती, आणि गोळी चालू ठेवल्याने डोळ्यातील गंभीर रक्तस्राव वाढल्याचे दिसले नाही. प्रामाणिकपणे सांगायचे, तर थोडे दिवस गोळी बंद ठेवलेल्यांमध्येही पक्षाघात किंवा हृदयविकाराचे झटके फारसे आढळले नव्हते. पण त्या अभ्यासात अ‍ॅस्पिरिन घेणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होते. त्यावरून मायट्रल जागी यांत्रिक झडप असलेल्या माझ्या आईने गोळी बंद केली तरी चालेल, असा अर्थ मी काढणार नाही. तिच्या हृदयरोगतज्ज्ञांनीही तो काढला नाही.

गोळी बंद करून मधल्या काळात इंजेक्शने द्यायची, या पद्धतीविषयीही त्यांनी सांगितले. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णांमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे दिसले, की इंजेक्शनांनी गुठळ्या कमी झाल्या नाहीत, उलट मोठे रक्तस्राव वाढले. यांत्रिक झडपेचे रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते, म्हणून आईला इंजेक्शने देण्याचा निर्णय त्यांनी विचारपूर्वक घेतला होता. पण ती वेळ मुळात यायलाच नको होती, हे त्यांनी दोनदा म्हटले.

याचा अर्थ डोळ्याच्या कोणत्याही शस्त्रक्रियेआधी कोणतीही गोळी बंद करू नये असा मुळीच नाही, आणि यासाठी मला माझ्या मामांचे उदाहरण द्यावेसे वाटते. मामा सदाशिव पेठेत राहतात. त्यांच्या डाव्या डोळ्यातून सतत पाणी वाहत असे, कारण डोळ्यातले पाणी नाकात नेणारी नळी बुजलेली होती. त्यासाठी नाकाच्या हाडातून नवी वाट काढण्याची, डीसीआर नावाची शस्त्रक्रिया करावी लागते. हाड, नाकाचे आतले अस्तर आणि भरपूर रक्तवाहिन्या असा तो सगळा प्रदेश आहे, आणि तिथे रक्त वाहू लागले की डॉक्टरांना समोरचे दिसणेही कठीण होते. मामा अ‍ॅस्पिरिन घेत होते. त्यांना कधी झटका आला नव्हता, स्टेंट नव्हता, चाळिशीनंतर कोणीतरी "हृदयासाठी चांगली" म्हणून सुरू करून दिलेली ती गोळी तशीच चालू राहिली होती. त्यांच्या डॉक्टरांनी ती आठवडाभर आधी बंद केली आणि पुढे ती परत सुरूच केली नाही. ताईची गोळी चालू ठेवली आणि माझी बंद केली, हे मामांना आधी विसंगत वाटले. मला मात्र या दोन निर्णयांमध्ये एकच विचार दिसतो. शस्त्रक्रिया कुठे होणार, भूल कशी देणार, आणि गोळी थांबवली तर त्या माणसाच्या शरीरात नेमके काय पणाला लागणार, हे तिन्ही प्रश्न दोघांसाठीही विचारले गेले होते.

पापण्यांच्या शस्त्रक्रियांतही खोबणीत रक्त साठण्याची भीती असते आणि काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातला दाब अचानक उतरतो, त्यामुळे तिथे अधिक जपतात. उलट मधुमेहामुळे पडद्याला सूज आलेल्यांना डोळ्यात जी इंजेक्शने देतात, त्यांच्यासाठी या गोळ्या सहसा बंद करत नाहीत. नुकताच स्टेंट बसवलेल्यांनी तर त्यांच्या दोन गोळ्यांपैकी (सहसा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल) एकही स्वतःच्या मनाने थांबवू नये. स्टेंट आतून अस्तराने झाकला जाण्याआधी गोळी सुटली तर तो गुठळीने बंद होऊ शकतो. मोतीबिंदू काही महिने थांबू शकतो, हृदयाची रक्तवाहिनी थांबत नाही.

आईच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू जास्त पिकलेला आणि कठीण होता. डोळा स्थिर राहणे आवश्यक असल्यामुळे डॉक्टरांनी या वेळी टोकदार सुई न वापरता बोथट तोंडाच्या नळीने डोळ्याच्या बाहेरच्या पडद्याखाली भूल दिली. पांढरा भाग लाल होईल, हे त्यांनी आधीच सांगितले होते. तरीही दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर डोळ्याचा अर्धा पांढरा भाग गडद लाल दिसला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. भेटायला आलेल्या प्रत्येकाने "गोळी बंद करायला हवी होती" असे ऐकवले. आईला दुखत नव्हते, दिसत चांगले होते, आणि ते रक्त केवळ वरच्या पातळ आवरणाखाली साठलेले होते. आधी लाल, मग तपकिरी, मग पिवळसर होत सोळाव्या दिवशी डोळा स्वच्छ झाला. दुखणे, डोळा पुढे आल्यासारखा वाटणे किंवा नजर अंधूक होणे यांपैकी काहीही असते तर रात्री-अपरात्रीही थेट रुग्णालयात यायचे, एवढी ताकीद आम्हाला होती.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांविषयी कोणी फारसे सांगत नाही, म्हणून थोडे. डोके दुखते म्हणून आईने घरातल्या डब्यातली कॉम्बिफ्लाम घ्यायला काढली होती. त्यातील आयबुप्रोफेन अ‍ॅसिट्रोमसोबत पोटात रक्तस्राव घडवू शकते, त्यामुळे डॉक्टरांनी साधी पॅरासिटामॉलच लिहून दिली होती. मावशीने "डोळ्यांना चांगलं" म्हणून रोज पालकाचे सूप आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी पाठवायला सुरुवात केली. तिच्या मायेला तोड नाही, पण पालेभाज्यांत व्हिटॅमिन के भरपूर असते आणि ते अचानक वाढले की अ‍ॅसिट्रोमचा परिणाम घटतो. पालेभाजी वर्ज्य नाही, फक्त तिचे प्रमाण आठवड्यागणिक सारखे असावे लागते. त्याचप्रमाणे नवरात्रात जेवण एकदम कमी झाले की आकडा उलट वर जातो. आणखी एक गोष्ट पुरुष रुग्णांसाठी. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असाल तर ते नेत्रतज्ज्ञांना अवश्य सांगावे. त्या गोळीचा रक्ताशी संबंध नाही, पण तिच्यामुळे बाहुलीचा पडदा शस्त्रक्रियेत सैल पडून फडफडतो आणि डॉक्टरांना त्याची आधीच तयारी करावी लागते.

आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी आता मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: कोणती झडप, कोणत्या साली, कोणती गोळी, कोणत्या वारी किती मात्रा, आयएनआर किती असावा आणि शेवटचा किती होता. खाली हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतःच्या अक्षरात "मला विचारल्याशिवाय बंद करू नये" असे लिहून सही केली आहे. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी त्याच काउंटरवरून पुन्हा फोन आला तेव्हा आईने वही न उघडता ते पान वाचून दाखवले. त्या मुलीने थांबून गोळीचे नाव लिहून घेतले आणि डॉक्टरांशी बोलून पुन्हा फोन करते म्हणाली, आणि खरोखरच तासाभराने तिने फोन केला. छापील कागदावरची ती ओळ बदलावी म्हणून मी रुग्णालयाला पत्र दिले आहे. गेल्या तपासणीच्या वेळी पाहिले, तर काउंटरवरच्या गठ्ठ्यात कागद जुनेच होते, मात्र वरच्या काही प्रतींवर ती ओळ निळ्या शाईने खोडून शेजारी "डॉक्टरांना विचारा" असे हाताने लिहिले होते.